गलाईची भट्टी, घरातली आजारपणं आणि डिटॉक्सचं पॅकेज

पत्र :

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही मूळ खानापूर तालुक्यातले, पण लग्न झाल्यापासून तमिळनाडूत आहोत. यांचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं दुकान आहे. खाली दुकान नि भट्टी, वर आम्ही राहतो. वर्षभरापासून यांची तब्येत धड नाही. महिना-दोन महिन्यांनी छाती भरते, खोकला लागतो, अँटिबायोटिक घेतलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. थकवा फार. पोटात कळा येतात, पोट साफ होत नाही. वय अवघं एक्केचाळीस. मुलगा पाच वर्षांचा आहे. त्याची सर्दी हटत नाही, अंगाला खाज येऊन चट्टे उठतात. ओळखीच्या एका पोषण सल्लागारांनी सांगितलं, की भट्टीमुळे सगळ्यांच्या अंगात जड धातू साठलेत आणि त्यांनी इम्युनिटी संपवली आहे. आधी केसांची तपासणी, मग दीड महिन्याचा डिटॉक्स कोर्स. त्यात काढे, पावडरी आणि भस्म. सगळ्यांचे मिळून चाळीस हजार. मुलाची पाच वर्षांची लस 'अंग साफ होईपर्यंत' थांबवा, असंही म्हणाले. हे म्हणतात, आमच्या वडिलांनी जन्मभर हेच केलं, त्यांना काय झालं? पुढच्या महिन्यात माझी जाऊ इथं राहायला येणार आहे, तिला पाचवा महिना आहे. धातूंनी खरंच प्रतिकारशक्ती जाते का? आम्ही काय करावं?

— एक वाचक भगिनी

उत्तर :

ताई, नमस्कार.

पैसे भरू नका. मुलाची लस थांबवू नका. आणि या आठवड्यात तुमच्या तिघांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. एवढं आधी ठरवा, बाकीचं निवांत वाचा.

त्या सल्लागारांचा संशय चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. भट्टीवर बोट ठेवलं ते बरोबरच. पुढचा सगळा उपाय मात्र चुकीचा आहे, आणि त्यातला भस्माचा भाग तर धोक्याचा. तो का, ते पुढे सांगते.

'जड धातू' असं सरसकट म्हटलं की हाताला काहीच लागत नाही. प्रत्येक धातूची तऱ्हा वेगळी, म्हणून तुमच्या दुकानात काय काय उडतं ते आधी बघू. चांदीतलं हीण काढायला शिसं घालायची पद्धत फार जुनी आहे. तापलेलं शिसं हवेतला ऑक्सिजन घेतं, तांब्या-जस्ताचं हीण सोबत ओढून बाजूला होतं आणि चांदी मागे राहते. शिशाच्या या ऑक्साइडचा काही भाग पात्रात मुरतो, काही धुराबरोबर वर जातो. आणि वर तुम्ही राहता. चांदीकाम करणाऱ्या भारतीय कारागिरांमधली शिशाची विषबाधा १९८०च्या दशकातच वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहे. म्हणजे मी तुम्हाला काही नवीन सांगत नाही. फक्त ते भट्टीपर्यंत कधी पोचलं नाही.

मोडीच्या सोन्यात दुसरा पाहुणा असतो, कॅडमियम. केडीएमचे दागिने म्हणजे कॅडमियम मिसळलेल्या डाकाने जोडलेले. कॅडमियम ७६७ अंश सेल्सिअसला उकळतं, सोनं वितळायलाच १,०६४ अंश लागतात. मुशीतलं सोनं पातळ होईपर्यंत त्यातलं कॅडमियम केव्हाच हवेत गेलेलं असतं. नवे दागिने केडीएमचे नाहीत असं सराफ सांगतात ते खरं असेलही, पण गलाईला येणारा माल जुनाच असतो ना! झाडलोटीच्या धुळीतला सोन्याचा बारीक कण धरायला काही ठिकाणी पारा वापरतात आणि मग तो तापवून उडवतात. पारा ३५७ अंशांनाच उकळतो. तुमच्याकडे हे चालतं का, ते यजमानांना स्पष्ट विचारा.

चौथी गोष्ट धातू नव्हे, पण तुमच्या पत्रासाठी महत्त्वाची. शोऱ्याच्या तेजाबात (नायट्रिक आम्लात) चांदी विरघळवताना जो तांबूस-तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. हा वायू थेट फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला इजा करतो आणि इजा झालेल्या अस्तरावर जंतूंचं फावतं. यजमानांची छाती पुन्हा पुन्हा भरते त्यात या धुराचा वाटा शिशापेक्षाही मोठा असू शकतो. 'इम्युनिटी संपली' असं एका वाक्यात उरकलं की ही साधी शक्यता नजरेआड होते.

आता तुमचा मूळ प्रश्न. प्रतिकारशक्ती म्हणजे मोबाइलची बॅटरी नव्हे, की धातूंनी खाल्ली आणि आता वीस टक्केच उरली. तिच्यात अनेक प्रकारच्या पेशी असतात आणि त्या एकमेकींना सतत निरोप देत असतात. विषारी धातू बहुधा या निरोपांत घोटाळा करतात. त्यामुळे एकाच माणसात एक बाजू दुबळी पडते आणि दुसरी नको तिथे भडकते, असं होऊ शकतं.

शिशाचं उदाहरण घ्या. शरीरात 'मदतनीस' म्हणवणाऱ्या टी पेशींचे दोन मोठे गट आहेत. एक गट पेशींच्या आत लपणाऱ्या जंतूंविरुद्ध लढाई उभी करतो, म्हणजे क्षयाचे जंतू, बरेचसे विषाणू. दुसरा गट अँटिबॉडी तयार करायला मदत करतो, त्यात अ‍ॅलर्जीला कारण होणारी आयजीई नावाची अँटिबॉडीही आली. प्रयोगशाळेत शिसं दिलं, की तोल पहिल्या गटाकडून दुसऱ्याकडे कलतो, असं उंदरांत आणि वेगळ्या काढलेल्या पेशींत वारंवार दिसलं आहे. शिसं कॅल्शियमचं सोंग घेऊन पेशीत शिरतं, आणि पेशींचे आतले कितीतरी निरोप कॅल्शियमवरच चालतात. घोटाळ्याचं हे एक मोठं कारण आहे. जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींचंही तसंच: शिशामुळे त्या जंतू मारण्यात कमी पडतात, पण सूज वाढवणारी रसायनं मात्र जास्त सोडतात.

जुने प्रयोग तर थक्क करणारे आहेत. मानसिक ताणावरच्या संशोधनामुळे पुढे जगभर नाव झालेले हान्स सेल्ये आणि त्यांचे सहकारी यांनी १९६६ साली उंदरांना शिशाचं अ‍ॅसिटेट टोचलं आणि सोबत जंतूंच्या आवरणातलं विष दिलं. एरवी सहज पचणारी विषाची मात्राही त्या उंदरांना मारक ठरू लागली. संवेदनशीलता सुमारे एक लाख पट वाढली होती. १९७१ साली दुसऱ्या एका प्रयोगात महिनाभर शिसं दिलेल्या उंदरांना साल्मोनेला जंतूंची लागण केली, तर ते जास्त संख्येनं मेले. पण डोस केवढे होते तेही लक्षात घ्या. कोणी असा प्रयोग दाखवून तुम्हाला घाबरवत असेल, तर तो अर्धंच सांगतोय.

माणसांतला पुरावा इतका ठसठशीत नाही. चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात ग्वेयू नावाचं गाव आहे. तिथे कित्येक वर्षं जुने संगणक नि फोन फोडून, जाळून, तेजाबात बुडवून सोनं-तांबं काढत. तुमच्या धंद्याचाच हा चुलतभाऊ. तिथल्या बालवाडीतल्या मुलांची तपासणी झाली, तेव्हा ज्यांच्या रक्तात शिसं जास्त होतं, त्यांच्यात हिपॅटायटिस बीच्या लशीमुळे तयार होणाऱ्या अँटिबॉडी कमी आढळल्या. मुलांमध्ये शिसं जास्त असेल तर आयजीईही जास्त, असंही अनेक अभ्यासांत दिसलं. तरी २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमानं सगळा पुरावा एकत्र मांडला, तेव्हा कमी प्रमाणातल्या शिशाचा मेंदूवर, रक्तदाबावर आणि मूत्रपिंडावर होणारा परिणाम त्यांनी 'पुरेसा सिद्ध' मानला. अ‍ॅलर्जी आणि आयजीईबाबत मात्र पुरावा 'मर्यादित' असल्याचं म्हटलं. मला ही मांडणी प्रामाणिक वाटते. शिशाला घाबरायचंच असेल तर ते मुलाच्या मेंदूसाठी घाबरा. सर्दी-खोकला त्याच्या पुष्कळ मागे येतो.

लस थांबवण्याचा सल्ला उलटा का, ते ग्वेयूवरूनच कळतं. शिशामुळे लशीचा जोर थोडा कमी पडत असेल, तर त्या मुलाला लस जास्तच हवी. पाच वर्षांचा डीपीटीचा बूस्टर घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातासाठी असतो. तो वेळेवर द्या.

धुराचा आणि न्यूमोनियाचा संबंध मात्र माणसांतही चांगला दिसला आहे. वेल्डरांमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण आणि त्यानं होणारे मृत्यू जास्त असतात, हे ब्रिटनमधल्या नोंदींतून लक्षात आलं, आणि धातूच्या धुरात सतत काम करणाऱ्यांना न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची लस द्यावी अशी शिफारस तिथे आहे. तुमच्या यजमानांसाठी ही लस घ्यावी का, हे छातीच्या डॉक्टरांना जरूर विचारा. चाळीस हजारांच्या मानानं ती खूपच स्वस्त पडेल.

आणखी एक प्रकार गलाईवाल्यांना माहीत असतो, फक्त त्याला आजार म्हणत नाहीत. पितळ किंवा जस्त असलेला माल आटवला, की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, अंग ठणकतं आणि दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत. सुट्टीनंतर कामावर आलं की हा ताप हमखास गाठतो. जंतू नसताना प्रतिकारसंस्था स्वतःच भडकते, म्हणून तो येतो. तो आपोआप उतरतो. पण कॅडमियमचा धूर लागला तरी सुरुवात अशीच होते आणि मग दिवसाभरात फुप्फुसात पाणी भरू लागतं. जुनी मोड आटवल्यावर ताप आला आणि श्वास जड वाटू लागला, तर 'उद्या उतरेल' म्हणत घरी थांबू नका, रात्र असली तरी दवाखाना गाठा.

आता भस्माकडे येते, कारण त्यात पारा असू शकतो. पाऱ्याचा प्रतिकारसंस्थेवरचा परिणाम शिशाहून निराळा आहे: तो तिला स्वतःच्याच शरीरावर सोडतो. काही जातींच्या उंदरांना पारा दिला, की त्यांच्यात स्वतःच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. माणसांत याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा आपल्याच देशातून आला. चेन्नईतल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये मूत्रपिंडाच्या एका आजाराचे रुग्ण नोंदवले. 'नेल-वन' नावाच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी मूत्रपिंडाच्या गाळणीवर साचत होत्या, लघवीतून प्रथिनं वाहून जात होती, अंगावर सूज येत होती. यातले बरेच जण पारंपरिक औषधं घेत होते आणि त्या औषधांत पारा निघाला. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात याच आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतले १५ 'नेल-वन' प्रकारचे निघाले, आणि त्या पंधरांपैकी १३ जणांनी गोरं करणारी क्रीम लावत असल्याचं सांगितलं. अकोल्यातल्या एका घरातल्या मायलेकींच्या मूत्रपिंडाचा विकारही २०२३ मध्ये अशाच क्रीमपर्यंत पोचला होता. दिलासा एवढाच, की औषध किंवा क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारते.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. ज्यांना शास्त्र येतं असे वैद्य भस्म कुणाला द्यायचं, किती द्यायचं याचा चारदा विचार करतात. पण डिटॉक्सच्या पाकिटातलं भस्म कुठं बनलं, त्यात काय उरलं, हे कुणी तपासलेलं असतं? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी तपासणीत इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे एक पंचमांशांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. अंगातलं शिसं काढायच्या नावाखाली शिसं किंवा पारा गिळायचा, ही थट्टा तुमच्या घराला परवडणारी नाही. मुलाला तर ते पाकीट हुंगूही देऊ नका.

निकेलचं दोन ओळींत सांगते. खोट्या दागिन्यांतल्या नि पँटच्या बटणातल्या निकेलची अ‍ॅलर्जी सगळीकडे आढळते. मुलाचे चट्टे कंबरेच्या बटणापाशी किंवा करगोट्याखाली असतील, तर आधी ते बदलून बघा. आणि घरात रात्री आणखी कुणाला खाज सुटत असेल, तर ती खरूज असू शकते. त्याला मलम पुरतं, शिशाचं नाव घ्यायची गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या पत्रात मला जास्त काळजी वाटली ती छातीची नाही, पोटातल्या कळांची. बद्धकोष्ठ, पोटात मुरडा, थकवा हे एकत्र आलं आणि माणूस शिशाजवळ काम करणारा असला, तर ते शिशाचं पोट समजावं, जोपर्यंत रक्त 'नाही' म्हणत नाही. अशा रुग्णांना अ‍ॅसिडिटीची औषधं मिळत राहतात, कधी कधी अपेंडिक्सचं ऑपरेशनही होतं. शिसं रक्तातलं हिमोग्लोबिन बनण्यातही अडथळा आणतं. मग 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि मूळ कारण तसंच राहतं. यजमानांच्या हिरड्यांच्या कडेला निळसर-काळी रेघ दिसते का, मनगट वर उचलताना जोर कमी पडतो का, ते बघा. नसेल तरी तपासणी कराच.

छातीसाठी मात्र वेगळं बघायला हवं. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर थुंकीची क्षयासाठी तपासणी आणि छातीचा एक्स-रे, हे सरकारी दवाखान्यात मोफत होतं. रक्तातली साखरही बघा. एक्केचाळिशीत पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होण्याचं ते एक अगदी साधं कारण असतं. धातूंवर सगळं ढकललं आणि क्षय मागे राहून गेला, असं व्हायला नको.

तपासणी कोणती? शिरेतून घेतलेल्या रक्तातलं शिसं. शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये ती होते. रक्त देण्याआधी आंघोळ करून, दुकानातले नव्हे तर धुतलेले कपडे घालून जा, नाहीतर हातावरची धूळच नमुन्यात जायची. सोबत हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), लघवीतलं प्रथिन, रक्तदाब. यजमान मोडीचं काम जास्त करत असतील तर डॉक्टरांना विचारून लघवीतलं कॅडमियम, आणि पारा वापरत असतील तर लघवीतला पारा. केसांची तपासणी नको: दुकानाची धूळ केसांवर बसलेली असते, ती आतली की बाहेरची हे त्यातून ठरवता येत नाही. आणि आधी औषध देऊन मग लघवीतले धातू मोजायचे, असा एक प्रकार आहे, तोही नको. ते औषध कुणाच्याही अंगातले धातू लघवीत ओढतं, त्यामुळे निरोगी माणसाचाही आकडा फुगलेला दिसतो, आणि तो फुगलेला आकडा दाखवून पॅकेज विकलं जातं.

आकड्यांबद्दल. रक्तात शिसं इतकं असलं तर सुरक्षित, अशी पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. १०० मिलिलिटर, म्हणजे एका डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं, तर शिसं येतं कुठून ते शोधून बंद करावं, असं तिचं २०२१चं मार्गदर्शन आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ ही प्रदूषणावर काम करणारी संस्था यांच्या २०२०च्या अहवालानुसार भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलं या पातळीच्या वर असावीत. तेव्हा तुमच्या मुलाचा आकडा ७ किंवा ८ निघाला तर खचून जाऊ नका. मुलांमध्ये ४५ किंवा त्याहून वर गेलं, तर शिसं बांधून बाहेर काढणारी औषधं देतात. मोठ्यांमध्ये आकडा आणि लक्षणं दोन्ही पाहून डॉक्टर ठरवतात. ही औषधं दवाखान्यात, देखरेखीखालीच घ्यायची असतात. याच वर्गातलं चुकीचं औषध शिरेतून गेल्यानं रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येऊन २००५ साली अमेरिकेत एका लहान मुलाचा मृत्यू झाला होता. शिवाय औषध सुरू असताना घरात शिसं येतच राहिलं, तर केलेलं सगळं वाया जातं.

तेव्हा खरा उपाय घराची नि भट्टीची ताटातूट. मला कळतं, परगावी भाड्याच्या जागेत हे सोपं नाही. पण नायजेरियातल्या झम्फारा प्रांताची गोष्ट यजमानांना सांगा. तिथे लोक सोन्याचा खडक घराच्या अंगणात कुटायचे, त्या खडकात शिसं होतं, आणि २०१० साली चारशेहून जास्त लहान मुलं त्यानं दगावली. ताप नि झटके पाहून आधी मलेरिया वाटला होता. तुमच्याकडे तितकं शिसं नाही हे मला माहीत आहे. पण मोठा माणूस गिळलेल्या शिशातलं दहा टक्क्यांच्या आसपास शोषतो आणि लहान मूल निम्म्यापर्यंत. खालच्या भट्टीचा हिशोब वरच्या मजल्यावर असा बदलतो.

जागा लगेच बदलता येत नसेल, तर निदान एवढं: भट्टीवर छत्रासारखं धुराडं आणि ओढून घेणारा पंखा, ज्याचं तोंड तुमच्या खिडक्यांपासून लांब, छपराच्या वर असेल. दुकानातून वर यायच्या जिन्याला बंद दार. यजमानांनी आणि कामगारांनी खालीच कपडे बदलून, आंघोळ करून वर यायचं. ते कपडे मुलाच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, चपला खालीच. घरात झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसायचं, कारण झाडूनं धूळ पुन्हा उडते. दुकानात चहा-वडा, तंबाखू, मिश्री बंद. हातावर मळलेल्या तंबाखूतून शिसं थेट पोटात जातं, आणि विडी-सिगारेटमध्ये कॅडमियम असतंच. तोंडाला बांधलेला रुमाल धातूचा धूर अडवत नाही. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तर कणांना बराच अडवतो, पण तेजाबाच्या वायूला नाही. त्यासाठी वेगळ्या डब्याचा मास्क मिळतो, आणि तेजाबाचं काम उघड्यावर, धूर ओढून घेणाऱ्या पंख्यापाशीच करायचं. मुलगा दुकानात खेळायला जाणार नाही, यावर मात्र तडजोड नको.

जाऊबाईंना सध्या तुमच्याकडे आणू नका, असं मी स्पष्टच सांगते. शिसं वारेतून बाळापर्यंत जातं. त्यांचे यजमानही याच कामात असतील आणि त्या आधी अशा घरात राहिल्या असतील, तर त्यांच्या रक्तातलंही शिसं तपासा: मोठ्या माणसातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत साठलेलं असतं, आणि गरोदरपणात बाळासाठी हाडातलं कॅल्शियम निघतं तेव्हा त्याच्यासोबत तेही रक्तात येतं. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या त्यांनी चुकवू नयेत.

खाण्यानं शिसं निघत नाही. फक्त लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडी शिसं जास्त ओढतात, म्हणून मुलाला नाचणी, दूध-दही, डाळी, पालेभाजी, चालत असेल तर अंडी-मासे, आणि तो उपाशीपोटी राहणार नाही एवढं बघा. सुट्या, भडक पिवळ्या हळदीपासून सावध. रंग खुलवायला शिशाचं क्रोमेट मिसळल्याचं बांगलादेशात उघड झालं होतं. गावाकडून आख्खी हळकुंडं आणून दळलेली बरी. मुलाच्या डोळ्यांत सुरमा घालत असाल तर तोही बंद. काही सुरम्यांत निव्वळ शिशाचं खनिज असतं.

राहता राहिला यजमानांचा मुद्दा, की वडिलांना काही झालं नाही. त्यांच्याशी वाद घालू नका, नुसतं विचारा: मामंजींना रक्तदाब होता का? शेवटी मूत्रपिंडाचा, सांध्यांचा त्रास होता का? शिसं माणसाला भट्टीपाशी पाडत नाही. वीस-तीस वर्षं हाडात बसून रक्तदाब आणि मूत्रपिंडावर काम करतं, आणि लोक म्हणतात, वय झालं होतं. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं माणसं देशभर पाठवली आणि त्यांनी गावोगावी भट्ट्या लावून घरं उभी केली, याचा अभिमान मलाही आहे. धंदा सोडा असं मी म्हणतच नाही. कारखान्याला लागू होणारे आरोग्याचे नियम तुमच्यासारख्या चार माणसांच्या दुकानाला सहसा लागत नाहीत. १९४८च्या कारखाना कायद्यापासूनच शिशाची विषबाधा कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे, पण तुमच्या दारात तपासायला कुणी येणार नाही. म्हणून तुमच्या गावात गलाई बांधवांचा जो संघ असेल, त्यानं एका दिवशी सगळ्यांचं रक्त एकत्र तपासून घ्यावं. लॅबवाले दर कमी करतात आणि 'माझ्या एकट्याच्याच अंगात' ही लाजही राहत नाही. तुमच्याकडे काम करणाऱ्या पोरांचंही त्यात घ्या. मुशीजवळ तेच जास्त वेळ उभे असतात.

रिपोर्ट आले की आकडा आणि एकक दोन्ही लिहून कळवा. काही लॅब प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर. लिटरचे ५० म्हणजे डेसिलिटरचे ५, यात गफलत होऊन लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात. रिपोर्टवर 'नॉर्मल' म्हणून छापलेली मर्यादा जुनी असू शकते, तिच्यावर जाऊ नका. आणि भट्टीचा बंदोबस्त केल्यावर तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडातलं हळूहळू झिरपत राहतं, त्यामुळे यजमानांचा आकडा मुलाच्या आकड्यापेक्षा सावकाश उतरेल. पोटातल्या कळा त्याआधीच वाढल्या, उलट्या सुरू झाल्या, किंवा मुलगा सुस्त पडला, त्याला झटका आला, तर रिपोर्टची वाट न बघता मोठ्या मेडिकल कॉलेजच्या तातडीच्या विभागात जा आणि दारातच सांगा, की घरात गलाईची भट्टी आहे.